वाचकांचे प्रश्न : भाजी-फळांच्या दुकानासमोर कॅमेरा

रस्त्यावरच्या रंगीत छायाचित्रणाविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांतील निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच निघाला : नाना भाषा बोलणाऱ्या माणसांची वस्ती आणि तिच्या कोपऱ्यावरचे भाजी-फळांचे दुकान. ज्याच्या हाती कॅमेरा आहे त्याचे पाय कधी ना कधी अशा दुकानासमोर थबकतातच, त्यामुळे याचे फारसे नवल वाटले नाही. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या वस्तीत पाच-सहा देशांतून आलेली कुटुंबे राहतात आणि बहुतेकांची खरेदी कोपऱ्यावरच्या एकाच दुकानात होते. ते दुकान पाहताना डोळ्यांचे पारणे फिटते, पण फोटो काढला की नुसता गोंधळ दिसतो. कॅमेरा बदलावा का?

उत्तर : कॅमेरा राहू द्या, उभे राहण्याची जागा बदला. दुकानासमोर आपण उभे असतो तेव्हा आपले डोळे सगळे काही एकदम पाहत नसतात. ते वांग्यांवरून लिंबांवर, लिंबांवरून मिरच्यांवर जातात, मध्येच दुकानदाराच्या हाताकडे वळतात, आणि या फेरफटक्यातून मनावर रंगांच्या श्रीमंतीचा एक ठसा उमटतो. कॅमेरा असा फेरफटका मारत नाही. तो वांगी, लिंबे, मिरच्या, रिकामे खोके, विजेची वायर आणि मागून जाणारी सायकल या सगळ्यांना सारखाच मान देऊन एका सपाट चौकटीत बसवतो. आपल्याला दिसणारा गोंधळ तो हाच. म्हणून काय घ्यायचे याआधी काय सोडायचे ते ठरवावे लागते.

ही निवड आपल्याला शून्यापासून करायची नसते, कारण तिचा अर्धा भाग दुकानदाराने पहाटेच उरकलेला असतो. जांभळ्या वांग्यांच्या शेजारी पिवळी लिंबे आणि टोमॅटोच्या राशीला हिरव्या पालेभाजीची किनार ही मांडणी योगायोगाने होत नाही. तिच्यामागे रंगांचा एक जुना नियम आहे. पॅरिसच्या गोब्लँ या प्रसिद्ध गालिचा-कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रल यांच्याकडे काळा रंग फिका पडत असल्याच्या तक्रारी येत असत. शोध घेतल्यावर त्यांना आढळले की दोष रंगात नसून त्याच्या शेजारी विणलेल्या दुसऱ्या रंगात आहे. शेजारचे रंग एकमेकांना विरुद्ध दिशेला ढकलतात, म्हणजे हिरव्याच्या शेजारचा लाल अधिक लाल भासतो, हा नियम त्यांनी 1839 मध्ये सविस्तर मांडला. भाजी मांडणाऱ्याला शेव्रल ठाऊक असण्याची गरज नसते. माल उठतो कसा आणि पडून राहतो कसा, हे रोज पाहून तो तेच शिकलेला असतो. तेव्हा कॅमेरा उचलण्यापूर्वी पाच मिनिटे त्याची मांडणी वाचा. त्याने कोणत्या दोन राशी मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत, कोणती रास उंच चढवली आहे आणि कोणती खाली क्रेटमध्येच राहू दिली आहे, ते पाहा. चौकटीची पहिली खूण तेथे सापडते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. चौकटीत सहा रंग सारख्या आकाराने आले तर ते भांडतात. एकाला अर्ध्याहून अधिक जागा द्या, दुसऱ्याला त्याच्या सोबतीला थोडी द्या आणि तिसरा ठिपक्याएवढाच असू द्या. संत्र्यांची रास चौकटभर पसरली आहे, वरच्या कडेला कोबीची फिकट हिरवी रांग आहे, आणि मधोमध कोणाचा तरी निळ्या बाहीचा हात एक संत्रे उचलतो आहे, अशी चौकट सुटसुटीत दिसते आणि तरीही तिच्यातला रंगांचा उत्सव कमी होत नाही.

तिसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टोमॅटोचा लाल आणि भोपळी मिरचीचा हिरवा हे रंग म्हणून एकमेकांपासून कितीही दूर असले, तरी त्यांचा उजळपणा अनेकदा जवळपास सारखा असतो. आपला फोटो संपादनात क्षणभर कृष्णधवल करून पाहा. लाल आणि हिरवे दोन्ही एकाच राखाडी छटेत विरून गेले असतील, तर तो फोटो रंगांवर उभा असूनही सपाट का वाटतो, याचे उत्तर मिळेल. अशा वेळी बाजूने येणारा प्रकाश शोधावा म्हणजे प्रत्येक फळाला एक उजळ आणि एक सावळी बाजू मिळते, किंवा चौकटीत लिंबू, लसूण, फुलकोबी असे काहीतरी फिके येऊ द्यावे. रंगांधळेपणा असणाऱ्या वाचकांसाठीही हे उपयोगी आहे. लाल-हिरव्यातला भेद नीट न कळणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांमध्ये लक्षणीय असते, आणि उजळपणातला फरक मात्र त्यांनाही दिसतो.

राहिला उभे राहण्याच्या जागेचा प्रश्न. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद, साधारण 24 ते 28 मिलिमीटरच्या तोडीची असते. ती घेऊन आपण राशीवर ओणवलो की पुढची चार फळे भोपळ्याएवढी होतात आणि मागचे सगळे दुकान आक्रसते. दोन-तीन पावले मागे या आणि दुपटीची लेन्स वापरा, म्हणजे राशी एकमेकींच्या जवळ येतात आणि रंगांचे पट्टे जुळून दिसतात. समोर पायरी किंवा कट्टा असेल तर त्यावर चढून पाहा. थोडे वरून पाहिले की आडव्या फळ्यांवरचा माल नकाशासारखा उलगडतो आणि मागचा रस्ता आपोआप चौकटीबाहेर राहतो.

प्रश्न : आमच्याकडच्या दुकानावर निळी ताडपत्री आहे. तिच्याखाली टोमॅटो काळपट आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. हे नंतर दुरुस्त करता येते का?

उत्तर : काही अंशी येते, पण कोठपर्यंत येते ते समजून घ्या. टोमॅटो लाल दिसतो याचा अर्थ तो त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला लाल भाग परत पाठवतो. निळ्या ताडपत्रीतून झिरपणाऱ्या प्रकाशात लाल भाग मुळातच थोडा असतो, त्यामुळे टोमॅटोपाशी परत पाठवण्यासारखे फारसे काही उरत नाही आणि तो काळवंडतो. संपादनात व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेला रंगांचा तोल) फिरवून आपण लाल वाढवतो तेव्हा त्या अपुऱ्या लाल प्रकाशालाच ताणत असतो, आणि त्याबरोबर छायाचित्रातले कण-कण दिसणारे दाणेही वाढतात.

त्यात आणखी एक अडचण अशी की दुकानात एकच प्रकाश क्वचित असतो. दुपारच्या थेट उन्हाचे रंगतापमान (प्रकाश पिवळसर की निळसर हे सांगणारा अंक; तो जितका मोठा तितका प्रकाश निळसर) सुमारे 5500 केल्व्हिन, निळ्या आकाशाखालच्या सावलीचे 7000 ते 8000, आणि आत टांगलेल्या पिवळ्या दिव्याचे 2700 ते 3000 असते. पुढची फळी उन्हात, मधली ताडपत्रीखाली आणि मागची दिव्याखाली असे तीन प्रदेश एका चौकटीत आले, तर कॅमेरा त्यांची सरासरी काढतो आणि ती सरासरी तिन्ही ठिकाणी चुकते. म्हणून माझा सल्ला असा की एकाच प्रकाशाचा प्रदेश निवडा आणि चौकट त्याच्यापुरती ठेवा. छायाचित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या रूपात, घ्या, आणि सुरुवातीला एक फोटो असा काढा की ज्यात भाजीच्या राशीवर, त्याच प्रकाशात, छायाचित्रणाचे राखाडी कार्ड धरलेले असेल. नंतर संपादनात त्या कार्डावर टिचकी मारली की निम्मे काम होते. कार्डाऐवजी साधा पांढरा कागद चालतो का, असे पुष्कळ जण विचारतात. अडीअडचणीला चालतो, परंतु अधिक शुभ्र दिसावा म्हणून कागदात मिसळलेली द्रव्ये उन्हात निळसर चमकतात आणि हिशेब थोडा चुकवतात.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र वेळेचा आहे. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य खाली असताना ऊन ताडपत्रीच्या कडेखालून आडवे आत शिरते, आणि ते वीस-पंचवीस मिनिटांचे ऊन जे करते ते कोणतेही संपादन करू शकत नाही. आकाश ढगाळ असेल तर तेही वाईट नाही, कारण तेव्हा सगळे आकाशच एक मोठा मऊ दिवा होते आणि पालेभाजीच्या जुडीतले प्रत्येक पान सुटे दिसते.

जाता जाता एक निरीक्षण सांगतो. लाल किंवा नारिंगी कापडाचे छत फळांच्या बाजूला आणि फिके छत पालेभाज्यांच्या बाजूला, अशी योजना मी अनेक दुकानांत पाहिली आहे. नारिंगी छताखाली संत्री, आंबे, टोमॅटो खुलतात आणि पालक मात्र सुकल्यासारखा दिसतो. म्हणजे ताडपत्रीचा रंग हाही पुष्कळदा मांडणीचाच भाग असतो, आणि तो पूर्णपणे पुसून टाकला तर दुकान आपल्या जागेवरचे राहत नाही. थोडी छटा राहू द्यावी.

प्रश्न : संध्याकाळी दिवे लागल्यावर काढलेल्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात. फोन बिघडला आहे का?

उत्तर : फोन ठीक आहे, दिवे लुकलुकत आहेत. ज्या देशांत विजेच्या प्रवाहाची वारंवारता 50 हर्ट्झ आहे तेथे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, आणि 60 हर्ट्झ आहे तेथे 120 वेळा. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) चित्र ओळीओळीने वाचत असल्यामुळे काही ओळींच्या वाट्याला उजेड आणि काहींच्या वाट्याला अंधार येतो. पहिल्या प्रकारच्या देशात शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर आणि दुसऱ्या प्रकारच्या देशात 1/60 किंवा 1/120 सेकंदावर ठेवल्यास बहुतेक वेळा पट्टे जातात. 1/1000 सारखा वेगवान शटर या दिव्यांखाली टाळावा.

पट्टे गेल्यावरही टोमॅटो विटकरी दिसत असतील तर दोष दिव्याच्या जातीत असू शकतो. एलईडी दिवा रंग किती खरे दाखवतो याची मोजणी सीआरआय या अंकाने होते, पण तो प्रसिद्ध अंक ज्या 8 नमुना-रंगांच्या सरासरीवरून काढतात, त्यांत गडद लाल नसतोच. तो नववा नमुना म्हणून वेगळा मोजला जातो. त्यामुळे अंक चांगला असूनही दिवा लालाच्या बाबतीत दरिद्री असू शकतो. दिवेलागणीच्या वेळी आकाशात अजून थोडी निळाई असते, तेव्हा दुकानाच्या कडेला सरकून दोन्ही प्रकाश घ्यावेत. आतले पिवळे आणि बाहेरचे निळे यांचे भांडण तेव्हा देखणे होते.

प्रश्न : लाल मिरच्या आणि टोमॅटो फोटोत नुसते लाल डाग होतात. त्यांची कांती, सुरकुत्या, काहीच दिसत नाही. हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) तर व्यवस्थित असतो.

उत्तर : आपण बहुधा उजळपणाचा एकत्रित हिस्टोग्राम पाहत आहात. तो काढताना तिन्ही रंगांना सारखे वजन दिले जात नाही. प्रचलित सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालाचा 21 आणि निळ्याचा 7 टक्के असतो. त्यामुळे मिरच्यांच्या राशीत लाल वाहिनी, म्हणजे चित्रातला लाल रंगाचा थर, काठोकाठ भरून सांडू लागली, तरी एकत्रित आलेखाला त्याची फारशी खबर नसते. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख दाखवण्याची सोय असेल तर ती सुरू करा, आणि लालाचा आलेख उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरला मिळणारा उजेड, अर्धा ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). फोनवर राशीतल्या सर्वांत लाल जागी बोट टेकवून उजेडाची खूण थोडी खाली ओढली की तेच साधते. मग मिरचीच्या पाठीवरची पांढरी चमक, देठापाशी आलेली बारीक सुरकुती आणि टोमॅटोच्या खांद्यावर राहिलेला हिरवट पिवळा अंश, असे सगळे परत येते.

हिरव्याला हा मान कॅमेऱ्याच्या आतही आहे. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांना 1976 मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले आणि जी आजही बहुतेक सेन्सरांवर असते, तिच्यात निम्मे बिंदू हिरव्या गाळणीखाली आणि पाव-पाव बिंदू लाल व निळ्या गाळण्यांखाली असतात. आपली नजर बारकावे मुख्यतः हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशात टिपते, हे त्यामागचे कारण. रंगीत गाळण्यांची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे आणि तिचे नाते थेट भाजीशी आहे. ल्युमिएर बंधूंनी 1907 मध्ये बाजारात आणलेल्या ऑटोक्रोम या रंगीत काचपट्टीवर नारिंगी-लाल, हिरव्या आणि निळ्या-जांभळ्या रंगांत रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत, आणि ते कण बटाट्याच्या पिठाचे होते. पहिले यशस्वी रंगीत फोटो जगाने बटाट्यातून पाहिले, असे म्हटले तरी चालेल.

प्रश्न : फोटोसाठी भाजीवर पाणी शिंपडावे का? आणि पोलरायझर वापरावा का?

उत्तर : पाणी दुकानदार त्याच्या सोयीने शिंपडतो तेव्हा फोटो घ्या, आपण होऊन शिंपडू नका. ओला माल लवकर सडतो आणि तो माल त्याचा आहे. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायची गाळणी, ओल्या पानांवरची पांढुरकी चकाकी काढून खालचा हिरवा रंग बाहेर आणतो. पाण्याच्या बाबतीत त्याचा परिणाम पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांच्या कोनातून पाहिले असता सर्वाधिक असतो. पण तो पूर्ण फिरवून सगळी चकाकी काढू नका, कारण चमक गेलेले सफरचंद मेणाचे वाटते. शिवाय तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो, हेही छताखालच्या सावलीत ध्यानात ठेवावे लागते.

प्रश्न : मी कॅमेरा वर करताच दुकानदाराने तोंड फिरवले आणि एका ग्राहक बाईंनी हाताने चेहरा झाकला. रस्ता सार्वजनिक असताना परवानगी घ्यावी लागते का?

उत्तर : कायद्याचे उत्तर देशागणिक बदलते. काही देशांत सार्वजनिक जागी फोटो काढण्यास सहसा मज्जाव नसतो, पण जाहिरातीसाठी वापर करायचा तर लेखी संमती लागते. काही देशांत ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे चित्र तिच्या संमतीविना प्रसिद्धच करता येत नाही. जर्मनीतील असा कायदा 1907 सालचा आहे, आणि त्यामागे 1898 मधला एक प्रसंग होता : दोन छायाचित्रकारांनी रात्री गुपचूप घुसून बिस्मार्क यांच्या मृतदेहाचा फोटो काढला होता. आपण ज्या देशात राहता तेथील नियम एकदा नीट वाचून घ्या. दुकानाचा आतला भाग ही खाजगी जागा असते आणि तेथे मालकाचा शब्द चालतो, एवढे बहुतेक ठिकाणी खरे आहे.

परंतु आपल्या पत्रातला प्रसंग कायद्याचा नाही. चेहरा झाकणाऱ्या बाईंनी आपल्याला उत्तर दिलेलेच आहे, आणि ते मानावे. स्थलांतरित वस्तीत कॅमेऱ्याची भीती अनेक कारणांनी असू शकते. कोणाची कागदपत्रे अपुरी असतात, कोणी एखाद्या माणसापासून लपून राहत असते, कोणाच्या श्रद्धेत चेहऱ्याचे चित्र बसत नाही, आणि कोणाला फक्त त्या दिवशी फोटो नको असतो. यांपैकी कोणते कारण आहे हे विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मी पाळत आलेली रीत अशी. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवतो आणि भाजी घेतो. दुसऱ्या खेपेला मालाविषयी बोलतो, कारण आपल्या मांडणीबद्दल कोणी विचारले की दुकानदार खुलतो. मग एखाद्या राशीकडे बोट दाखवून फक्त तिचा फोटो घेऊ का, असे विचारतो. भाषा अडली तर कॅमेरा छातीपाशी धरून भुवया उंचावल्या तरी प्रश्न पोचतो, आणि उत्तरही मान हलण्याच्या आत चेहऱ्यावर उमटते. फोटो काढला की तो लगेच दाखवतो. ग्राहकांची गर्दी असेल तर बाजूला होतो, कारण माझ्या चौकटीसाठी अडून राहिलेला एक ग्राहक म्हणजे त्याचे रोख नुकसान असते. लहान मुले चौकटीत येत असतील तर त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलत नाही. यात वेळ जातो, पण तिसऱ्या-चौथ्या भेटीत तोच दुकानदार आपले अस्तित्व विसरून कामाला लागतो आणि हवे ते चित्र तेव्हाच मिळते.

प्रश्न : वस्ती बहुसांस्कृतिक आहे हे चित्रात दाखवायचे आहे. वेगवेगळ्या पेहरावांतील माणसे एकत्र आणून फोटो काढावा का?

उत्तर : नको. तसा फोटो शाळेच्या स्नेहसंमेलनासारखा दिसतो आणि माणसे नमुने होऊन बसतात. वस्तीची विविधता मालात आणि पाट्यांवर आपोआप उतरलेली असते. ती तेथे शोधावी. एकाच फळीवर भेंडी, कसावाची तपकिरी मुळे, भाजीची हिरवी केळी आणि ऑलिव्हचे डबे शेजारी शेजारी बसले असतील, तर तो शेजार कोणा एकाच्या स्वयंपाकघरातला नाही हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. फळ्यांची अशी सरमिसळ जेथे सर्वांत दाट आहे तेवढाच दोन हातांचा तुकडा निवडा.

पाट्यांकडे विशेष लक्ष द्या. एकाच भाजीचे नाव तीन लिप्यांत, तीन हस्ताक्षरांत लिहिलेले असते, आणि बहुधा तिसरी ओळ नंतर, वेगळ्या पेनाने, एखाद्या ग्राहकाच्या सांगण्यावरून वाढवलेली असते. वांग्याची पाटी मला नेहमी थांबवते. भारतातून निघालेले त्याचे नाव फारसीत बादिंगान, अरबीत बाजिंजान आणि पुढे फ्रेंचमध्ये ओबर्जीन झाले; दुसऱ्या वाटेने पोर्तुगीज बेरिंजेलातून ब्रिंजल होऊन ते भारतात परतले. यांपैकी दोन नावे एका खोक्यावर दिसली तर लांबचे नातेवाईक शेजारी उभे असल्यासारखे वाटते. पाटी चौकटीत घेताना अक्षरे मध्येच कापू नका, चित्र आरशासारखे उलटे फिरवू नका, आणि आपल्याला वाचता न येणारी लिपी असेल तर प्रसिद्ध करण्यापूर्वी ती कोणाकडून तरी वाचून घ्या.

हा शेवटचा सल्ला मी फजिती होऊन शिकलो आहे. आंब्यांच्या राशीवर झुकलेली एक वृद्ध व्यक्ती अंगठ्याने फळ दाबून पाहते आहे, मागे हिरव्या अक्षरांची सुंदर वळणदार पाटी आहे, असा माझा एक फोटो प्रदर्शनात लागला होता. अक्षरांच्या वळणावर मी भाळलो होतो. ती भाषा जाणणाऱ्या एका प्रेक्षकाने हसत हसत सांगितले की पाटीवर 'फळे दाबू नयेत' असे लिहिले आहे. चित्रातली सगळ्यात चांगली गोष्ट माझ्या हातून नकळत घडली होती, आणि मी शीर्षक दिले होते 'हिरवी लिपी'.

प्रश्न : नंतर रंग वाढवण्यात गैर काय? दुकान प्रत्यक्षात तितकेच रंगीत असते.

उत्तर : दुकान रंगीत असते हे खरे, पण ते सगळीकडे सारखे रंगीत नसते. बटाट्याचा मातकट, आल्याचा फिका, लसणाच्या पातीचा करडा हे रंग तेथे असतात म्हणून डाळिंब लाल दिसते. सॅच्युरेशनची, म्हणजे रंगांच्या भडकपणाची, पट्टी उजवीकडे सरकवली की बटाटेसुद्धा नारिंगी होतात, आणि सगळेच ओरडू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही. अनेक फोन हे काम न विचारताच करतात, त्यामुळे आपण वाढवतो ती बहुधा दुसरी खेप असते. वाढवायचेच असेल तर ज्या राशीला चौकटीत प्रमुख मान दिला आहे तेवढ्याच रंगाला हलका हात लावा.

संत्र्यांच्या बाबतीत आणखी सावध राहा. ती पुष्कळदा लाल किंवा नारिंगी जाळीच्या पिशवीत विकली जातात, आणि बारीक जाळीचा रंग आतल्या फळाच्या रंगात मिसळून आपली नजर फसते. पिवळट फळ पिकलेले भासते. येथे शेव्रल यांच्या नियमाच्या उलट घडते. मोठे पट्टे शेजारी असले तर रंग एकमेकांपासून दूर जातात, पण बारीक रेघा असल्या तर ते एकमेकांकडे सरकतात. जाळी काढून एक संत्रे शेजारी ठेवा आणि पाहा. दोन्ही एका चौकटीत घेतली तर तो स्वतंत्र फोटोही होतो.

प्रश्न : नियतकालिकात छापून आल्यावर संत्री मळकट दिसली. दोष कोणाचा?

उत्तर : बहुधा कोणाचाच नाही. पडद्यावर प्रकाशाने तयार होणारे झगझगीत नारिंगी आणि कोवळे हिरवे रंग छपाईच्या चार शाईंना पूर्ण गाठता येत नाहीत. छापायला देण्यापूर्वी छपाईच्या रंगात चित्र कसे दिसेल याचे पूर्वदर्शन पाहावे आणि त्यानुसार नारिंगी थोडा उजळ करावा.

प्रश्न : दुकानदाराला मोबदला म्हणून काय द्यावे?

उत्तर : मी पैसे देत नाही, फोटोची छापील प्रत देतो आणि भाजी तेथूनच घेतो. फोनवर पाठवलेला फोटो इतर शंभर फोटोंत हरवतो. कागदावरची प्रत दुकानात लागते. एका दुकानदाराला मी संत्र्यांच्या राशीचा, त्याच्या हातासह घेतलेला फोटो छापून दिला होता. त्याने तो वजनकाट्यामागच्या खांबाला चिकटवला, आणि पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा दुसरा मागितला. पहिला आवडला नाही का, असे मी विचारले. फोटो चांगला आहे, तो म्हणाला, पण डावीकडची लिंबे तुम्ही कापलीत, आणि संत्री त्या लिंबांमुळेच तशी दिसत होती.